आपल्या माणसांत ती कशी बोलते?

प्रिय बाय,

तुझा तक्ता पाहिला. ‘रोमा’ या मेक्सिकन सिनेमात बोलणारी पात्रं किती, त्यांत बायका किती, मूलनिवासी किती, आणि प्रत्येकाच्या पुढे मिनिटं. त्याखाली पेन्सिलीनं लिहून खोडलेली एक ओळ अजून वाचता येते : ‘नायिका मूलनिवासी आहे, पण ती इतकी गप्प का? गुण द्यायचे की कापायचे?’ सगळ्या तक्त्यात खरी तेवढीच ओळ आहे, आणि नेमकी तीच तू खोडलीस. म्हणून हे पत्र.

डोकी मोजून हे कळत नाही. आपलंच बघ. हिंदी सिनेमातल्या गोव्यात जो तो ख्रिस्ती आणि जो तो प्यायलेला. २०११च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के आणि ख्रिस्ती २५ टक्के. उद्या कुणी हे प्रमाण काटेकोर पाळून पात्रं भरली, तर तो आपला गोवा होईल? तुझी आजी सुनेला कोंकणीत बोल लावते आणि दिवेलागणीला देवापुढे मराठी आरती म्हणते. हे ज्याला ऐकू आलं नाही, त्याला आपण दिसलोच नाही.

तेव्हा एकच गोष्ट बघ. पात्र आपल्या माणसांत असतं तेव्हा कोणत्या भाषेत बोलतं, आणि कशाबद्दल?

त्या कानांनी ‘रोमा’ पुन्हा ऐक. १९७०-७१चं मेक्सिको शहर, खाऊनपिऊन सुखी घर. मालकिणीसमोर नायिकेच्या, तिथं घरकाम करणाऱ्या क्लिओच्या, तोंडून स्पॅनिशचे मोजके शब्द निघतात. स्वयंपाकघरात दुसरी कामवाली आदेला भेटली की मिश्टेक, त्यांची मूलनिवासी भाषा, सुरू होते आणि तीच मुलगी मोकळी होते. रात्री वीज जाळलेली चालत नाही, म्हणून दोघी दिवा मालवून मेणबत्तीच्या उजेडात व्यायाम करतात, खिदळतात. ही मिनिटं तू ‘नोकर’ या रकान्यात टाकलीस! क्लिओ झालेल्या यालित्सा अपारिसिओला स्वतःला मिश्टेक येत नव्हती. आदेला झालेल्या नॅन्सी गार्सियानं, तिच्या मैत्रिणीनं, ती शिकवली. घरची भाषा एका पिढीत कशी निसटते, हे गोव्यात वाढलेल्या मुलीला मी काय सांगू?

‘मी मेक्सिको पाहिलेलं नाही, मी कोण बोलणार’ हे मात्र मला पुन्हा ऐकवू नकोस. निकाल देऊ नकोस, पण ऐकायला पासपोर्ट लागत नाही. आणि हेही लिही, की हा सिनेमा त्या घरातल्या मुलानं काढलाय. आल्फोन्सो क्वारोननं तो आपल्याला सांभाळणाऱ्या लिबोला अर्पण केला. त्या मुलाला जेवढी क्लिओ दिसली तेवढीच आपल्याला दिसते. तिचं गाव दिसत नाही. त्याची माया आणि त्याची मर्यादा एकाच जागेतून येतात. दोन्ही लिही, गुण राहू देत. पण आधी ऐक, आपल्या माणसांत ती कशी बोलते.

मी हट्टी झालोय, तू म्हणशील. त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी पणजीतल्या फोंतेन्यांत एका हिंदी सिनेमाचं शूटिंग होतं आणि स्थानिक माणूस म्हणून मी कामाला होतो. मासे विकणारी एक म्हातारी मीच शोधून आणली होती. तिनं प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅन’ म्हणायचं होतं. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, ‘अशें आमच्यांत कोण उलयता?’ असं आपल्यात कोण बोलतं? मला ऐकू आलं. मी म्हटलं, ‘सांगतात तसं म्हण गे, लवकर सुटशील.’ मला त्या पैशांची गरज होती. मी अडून बसलो असतो तर दुपारपर्यंत त्यांनी दुसरा माणूस आणला असता, दुसरी म्हातारीही. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय, आणि ते खरंही आहे. तरी त्या सेटवर तिची भाषा कळणारा मी एकटाच होतो.

‘रोमा’तला इस्पितळातला प्रसंग तू दोन ओळींत उरकलास. तिथं क्लिओची जन्मतारीख विचारतात, आणि इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेल्या मालकांच्या घरच्या आजीबाईंना ती सांगता येत नाही. तो मला बसून बघवत नाही. त्या म्हातारीच्या पैशांचं व्हाउचर मीच भरलं होतं. नावाच्या जागी मी लिहिलं होतं, ‘मासेवाली – १’.