सायकलच्या जीपीएसपेक्षा महाग पडणारा जूनमधला हप्ता

आर्वी तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३३, खासगी कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी, हातात येणारा पगार २८ हजार. घरची सहा एकर कोरडवाहू शेती असून तीत कपाशी आणि तूर असते. घरात पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आईवडील आहेत. गेली तीन वर्षे ते रोज जाऊन-येऊन ३८ किलोमीटर सायकलने कामावर जातात. २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे त्यांचे प्रेरणास्थान. मागच्या हंगामात त्यांनी नागपूरहून सुटणारी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, १२ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. आता ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर पूर्ण करून ‘सुपर रँदोनिअर’ व्हायचे आणि ऑगस्ट २०२७ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला जायचे, असा त्यांचा बेत आहे. त्यांचा प्रश्न असा: “ताई, सरावासाठी ३८,५०० रुपयांचा, नकाशे असलेला जीपीएस सायकल कॉम्प्युटर बारा महिन्यांच्या विनाव्याज हप्त्यांवर घेऊ, की दहा-बारा हजारांचा साधा घेऊ? आमच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते, म्हणून महागडाच घ्यावा असे वाटते.”

प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, पण पत्राच्या शेवटी घरखर्च मांडताना त्यांनी सहज लिहिलेले एक वाक्य आधी सगळ्यांनी वाचावे: “मुलीच्या पॉलिसीचा ६० हजारांचा वार्षिक हप्ता वेगळा काढावा लागत नाही, तो जूनमध्ये पीककर्जातूनच वळता होतो, बी-बियाणे आणि खतासाठी मग कृषी केंद्राची उधारी असते, शेकडा दोन रुपये महिना, ती कापूस विकला की जानेवारीत फेडतो.”

महाशय, तुमच्या घराचे नुकसान या एका वाक्यात आहे, आणि ते कोणत्याही सायकल कॉम्प्युटरच्या किमतीहून मोठे आहे.

आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला, केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून, शून्य टक्के व्याजाने पडते. याहून स्वस्त पैसा कोणत्याही कास्तकाराला कोठेही मिळत नाही. हा पैसा पेरणीसाठी दिलेला असतो. तुम्ही मात्र त्यातले ६० हजार विमा कंपनीकडे जाऊ देता आणि पेरणीसाठी महिना दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी पैसे उचलता. जून ते जानेवारी हे सात महिने धरले तर ६० हजारांवर ८,४०० रुपये व्याज होते. उधारीच्या मालावर रोखीची सूट मिळत नाही, ते नुकसान मी मोजलेलेच नाही. याचा अर्थ तुमचा हप्ता ६० हजारांचा नसून ६८,४०० रुपयांचा आहे.

आता त्या पॉलिसीकडे वळू. तुम्ही लिहिता की २०२२ च्या जूनमध्ये कर्जाच्या फाइलवर सह्या करताना शाखेतल्या साहेबांनी “यावरही सही करून टाका, प्रकरण लवकर होईल” असे सांगून ती पुढे केली, आणि “दहा वर्षे भरा, विसाव्या वर्षी दुप्पट” असे समजावले. वर्षाला ६० हजारांप्रमाणे दहा वर्षांत सहा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी बारा लाख घ्यायचे. दुप्पट हा शब्द कानाला गोड लागतो म्हणून तो वापरला जातो. किती वर्षांत दुप्पट, हे कोणी बोलत नाही. तुमचा पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि दहावा अकरा वर्षे, म्हणजे सरासरी रुपया साडेपंधरा वर्षे अडकतो. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात तितक्याने ७२ ला भागले की वार्षिक दर साधारण कळतो, म्हणून ७२ ला साडेपंधराने भागा: वर्षाला साडेचार टक्क्यांच्या थोडे वर. उधारीचे व्याज मिळवून हाच हिशेब केला की परतावा साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर येतो. साडेतीन टक्के मिळवण्यासाठी चोवीस टक्क्यांनी उसने घेण्याचा हा व्यवहार तुमच्याकडून चार वर्षे करवून घेतला गेला, आणि ज्यांनी तो करवून घेतला त्यांना हे गणित निश्चितच येत होते. मला याचा मनापासून संताप येतो, कारण पीककर्जाच्या टेबलावर बसलेला शेतकरी नाही म्हणू शकत नाही, हे समोरच्याला ठाऊक असते. पीककर्जाला अशी आयुर्विम्याची पॉलिसी बांधता येत नाही. ती न घेतल्यामुळे कर्ज अडवता येत नाही. पीकविमा ही वेगळी गोष्ट आहे. तो तुमच्या कपाशीसाठी आहे, या रागात तो बंद करू नका.

ते बारा लाखसुद्धा तपासून घ्या. ज्या पॉलिसीत बोनस ठरलेला नसतो, तिच्या माहितीपत्रकात चार टक्के आणि आठ टक्के अशा दोन गृहीतकांवरचे आकडे छापलेले असतात. विक्रेत्याचे बोट नेहमी आठ टक्क्यांच्या रकान्यावर असते. बारा लाख हमीचे आहेत की त्या रकान्यातले, हे पॉलिसीच्या कागदावर पाहा.

मग आता काय करावे? चार हप्ते, म्हणजे २ लाख ४० हजार भरून झाले आहेत. ही पॉलिसी ज्या नियमांखाली घेतली आहे, त्यांनुसार चौथ्या ते सातव्या वर्षात ती परत केल्यास भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मी रक्कम मिळते, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार. कंपनीचे विशेष समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी परत केल्यावर कंपनी स्वतःच्या हिशेबाने देते ती रक्कम, यापेक्षा जास्त असू शकते, म्हणून नेमका आकडा लेखी मागवा. निम्मे पैसे बुडताना पाहून बहुतेक जण मागे सरकतात आणि “आता एवढे भरलेच आहे तर” म्हणून उरलेले हप्तेही भरतात. बुडालेले १ लाख २० हजार पॉलिसी चालू ठेवूनही परत येणार नाहीत. आज फक्त पुढच्या पैशांचा निर्णय तुमच्या हातात आहे. पुढचे सहा हप्ते आणि हे १ लाख २० हजार तुम्ही पोस्टातल्या किंवा बँकेतल्या पीपीएफच्या ७.१ टक्के दराने सोळा वर्षे वाढवले, तर पावणेतेरा लाखांच्या आसपास होतात. पॉलिसीत तेवढ्याच पैशांचे, तो आकडा खरा निघाला तर, बारा लाख होतात. फरक फार मोठा नाही, हे मी लपवणार नाही, कारण मोठा तोटा तुम्ही पहिल्या चार वर्षांतच सोसून बसला आहात. पण पीपीएफला जूनमध्येच ६० हजार लागत नाहीत. ते जानेवारीत, कापूस विकल्यावर भरता येतात, आणि एखाद्या वर्षी ५०० रुपयेच भरले तरी खाते चालू राहते. कोरडवाहू शेतकऱ्याला टक्क्यांइतकीच ही सवड महत्त्वाची आहे. २०१७ च्या बोंडअळीचे वर्ष आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तसे वर्ष पुन्हा आले, तर जूनमधला सक्तीचा हप्ता तुम्हाला थेट सावकाराच्या दारात उभा करील.

पॉलिसी ‘पेड-अप’ करून, पुढचे हप्ते थांबवून, कमी झालेली रक्कम विसाव्या वर्षी घेण्याचाही पर्याय आहे. हाताशी चार महिन्यांचा खर्च शिल्लक असता तर मी त्याचा विचार करायला सांगितले असते. तुमच्याकडे शिल्लक नाही आणि नोकरी खासगी आहे. तेव्हा पॉलिसी परत करा आणि मिळणारे पैसे आणीबाणीसाठी मुदत ठेवीत ठेवा. मात्र क्रम चुकवू नका. आधी शुद्ध मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा विमा, घ्या, तो मंजूर होऊन कागद हाती आला की मगच जुनी पॉलिसी सोडा. त्या पॉलिसीने तुमच्या कुटुंबाला आज दिलेले संरक्षण अवघे सहा लाखांचे आहे. पाच माणसांचे घर सहा लाखांवर किती महिने चालेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. तुमच्या वयाला ५० लाखांचा मुदत विमा वर्षाला साधारण आठ-नऊ हजारांत मिळावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात रात्रीच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा उल्लेख न लाजता करा, म्हणजे पुढे दावा अडणार नाही.

आणि मे महिन्यातच बँकेत जाऊन, खात्यातून हप्ता वळता करण्याची संमती रद्द करत असल्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले जूनच्या गर्दीत कोणाच्या लक्षात राहत नाही. शाखेने टाळाटाळ केली तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि तेथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

एवढे केले की दर जानेवारीत ६८,४०० रुपये तुमच्या हातात राहतात. त्यातले ३० हजार मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात भरा. ८.२ टक्के हा सध्याचा दर टिकला, तर पंधरा वर्षांत भरलेल्या साडेचार लाखांचे, खाते उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी, चौदा लाखांच्या आसपास होतात, आणि ती अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. मुलीच्या नावाने विकलेल्या पॉलिसीच्या निम्म्या हप्त्यात हे होते. नऊ हजार मुदत विम्याचे. राहिले २९ हजार.

आता तुमचा कॉम्प्युटर. मी स्वतः २०० ची बीआरएम दोनदा केली आहे, त्यामुळे ही हौस मला परकी नाही आणि तिच्यावरचा खर्च मी वायफळ मानत नाही. पण रेंजचे कारण चुकीचे आहे. जीपीएस उपग्रहांकडून संकेत घेतो, त्याला मोबाइलचे जाळे लागत नाही. दहा हजारांचे यंत्रही रेंज नसलेल्या रस्त्यावर तितकेच चालते. नकाशांसाठी ज्यादा पैसे मोजण्याइतका आपल्याकडचा रस्ता गुंतागुंतीचा नाही, आणि आयोजकांनी दिलेल्या मार्गाची फाइल बहुतेक साध्या यंत्रांतही घालता येते. सरावासाठी यंत्राचा खरा उपयोग हृदयाचे ठोके पाहण्यासाठी होतो. वेग हा मापदंड फसवा आहे: समोरचा वारा असला किंवा तळेगावचा सत्याग्रही घाट लागला की तीच मेहनत निम्म्या वेगात दिसते. म्हणून छातीवरचा पट्टा जोडता येईल असे यंत्र घ्या. पट्ट्यासकट बारा-चौदा हजारांत काम होते. उन्हात तेवढ्याच मेहनतीला ठोके वाढतात, हे मात्र ध्यानात ठेवा. एप्रिलमधल्या दुपारचे आकडे डिसेंबरमधल्या सकाळच्या आकड्यांशी ताडून पाहू नका.

तुमच्याच पत्रातला आणखी एक आकडा पाहा. १२ तास ४० मिनिटांपैकी जवळपास तीन तास तुम्ही हजेरी नोंदवण्याच्या नियंत्रण केंद्रांवर आणि धाब्यांवर थांबला होता. म्हणजे चालत्या सायकलचा वेग ताशी वीसच्या वर होता. ३०० किलोमीटरला २० तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. दोन्हींना थांबे धरून ताशी पंधराची सरासरी पुरते. तुमचे पाय तयार आहेत. थांबे आवरणे शिकायचे आहे, आणि त्याला घड्याळ पुरते.

‘विनाव्याज’ हप्ताही विनाखर्च नसतो. रोखीत मिळणारी सूट जाते, प्रक्रिया शुल्क लागते आणि बँकेने दाखवलेल्या व्याजावर जीएसटी बसतो. २८ हजारांच्या पगारातून महिना ३,२०० रुपये वर्षभर बांधून घेऊ नका. जानेवारीत कापसाचा चुकारा मिळाला की साधे यंत्र रोखीने घ्या. तोवर खिशातला फोन मार्ग नोंदवील.

पॅरिसबद्दल तुम्ही लिहिले आहे की “६०० झाली की प्रायोजक मिळेल.” ही आशा कृपया हिशेबात धरू नका. बीआरएम ही शर्यत नाही. तीत क्रमांक नसतो आणि बक्षिसाची रक्कमही नसते. पॅरिसच्या पात्रतेसाठी चारही अंतरे त्याच वर्षी पूर्ण करावी लागतात, आणि विमान, व्हिसा, सायकलची पेटी, राहणे असा खर्च माझ्या अंदाजाने अडीच-तीन लाखांचा आहे. २०२७ तुमच्यासाठी फार जवळ आहे. पुढची फेरी २०३१ ला आहे आणि तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आतच असाल. वर्षाला ५० हजार बाजूला पडू लागले की त्या फेरीचे आपण नीट बोलू.

यंत्राच्या आधी मात्र दोन खर्च करा. पहिला चांगल्या दिव्यांचा: पुढचा, मागचा, दोन्हींचा एकेक जादा, आणि परावर्तक जाकीट. दुसरा वीस रुपयांचा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. सातबारा तुमच्या नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाखांचे अनुदानही आहे. त्याचा अर्ज कोठे आणि किती दिवसांत करायचा, हे पत्नीला आजच सांगून ठेवा. ३०० किलोमीटरची बीआरएम म्हणजे रात्रीचा महामार्ग आणि शेजारून जाणारे ट्रक. मुदत विम्याचा कागद घरात येईपर्यंत तिची नोंदणी करू नका.