डोटा २ या व्हिडिओ गेमच्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेत बक्षिसाची रक्कम एवढी मोठी कशी झाली?

मुख्यतः खेळणाऱ्यांच्याच खिशातून. २०११ मध्ये जर्मनीत कोलोनला पहिली स्पर्धा झाली तेव्हा बक्षीस गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच दिलं. २०१३ पासून कंपनीने एक डिजिटल पुस्तिका विकायला काढली (पुढे तिचाच बॅटल पास झाला, म्हणजे पैसे भरून गेममधल्या जादा गोष्टी मिळवायचा पास) आणि विक्रीतला २५ टक्के वाटा बक्षिसात टाकला. आकडा फुगत फुगत २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरच्या वर गेला. ती स्पर्धा टीम स्पिरिटने जिंकली. २०२३ मध्ये बॅटल पास गेला आणि रक्कम धाडकन घसरली.

पण खरी मजा पैशात नाही हो. २०१८ ची अंतिम लढत जरूर बघा. खुल्या पात्रता फेरीतून आलेला ओजी संघ २-१ ने मागे होता, चौथ्या डावात त्यांचा खेळाडू सेब याच्या अ‍ॅक्स या पात्राने पारडं फिरवलं, आणि त्यांनी लढत ३-२ ने मारली!