सतराव्या वर्षीची सही आणि सलूनचा बाँड

प्रश्न : माझा मुलगा दहावीनंतर लातूरला एका सलूनमध्ये कटिंग शिकायला राहिला. मालकांनी 500 च्या स्टँपपेपरवर त्याची सही घेतली. तीन वर्षं काम करायचं, मधे सोडलं तर 75 हजार भरायचे आणि पुढं दोन वर्षं जिल्ह्यात कुठंच हा धंदा करायचा नाही. दुकानात त्याच्याशिवाय एकच कारागीर आहे. आधी नुसते टॉवेल धुतले, केस झाडले. आता सकाळी नऊ ते रात्री दहा गिऱ्हाईकं करतो, मिळतात महिना 3 हजार. दहावीचा मार्कमेमो (गुणपत्रिका) मालकांकडे आहे. दिवाळीला 6 हजार उचल घेतली. त्याला गावात खुर्ची टाकायची आहे, तर मालक पोलीस केस करतो म्हणतात.
– एक आई, औसा तालुका

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या बाँडच्या फोटोत मी आधी तारीख बघितली. त्या दिवशी तुमचं लेकरू सतरा वर्षं पाच महिन्यांचं होतं. अज्ञानाचा, म्हणजे अठरा पूर्ण नसलेल्याचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) 1903 मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून टाकलंय. सज्ञान झाल्यावर तो 'मला कबूल आहे' म्हणाला, तरी तो कागद जिवंत होत नाही.

धोका पुढं आहे. मालकाला कुणी जाणकार भेटला, की 'जुना फाडू, हा नवा कर' असं गोडीत म्हणतील. आता तो अठरा पूर्ण आहे. ती सही कोर्टात टिकू शकते, म्हणून नव्या कागदावर सही करू देऊ नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

'तो अप्रेंटिस आहे, त्याला पगार लागू नाही' असं मालक म्हणाले, तर तेही चालणार नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 प्रमाणे करार लेखी लागतो, सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि मुलगा अज्ञान असेल तर पालकानं तो करावा लागतो. शिवाय उमेदवार घ्यायला आस्थापनेत किमान चार माणसं लागतात. इथं कागद लेखी आहे, पण बाकी यातलं काहीच नाही. मग दिवसभर गिऱ्हाईकं करणारा मुलगा कामगारच ठरतो. किमान वेतनाच्या फरकासाठी लातूरच्या कामगार कार्यालयात अर्ज करा. मालकाचे 'लवकर ये, गिऱ्हाईक थांबलंय' असले व्हॉट्सॲप मेसेज आणि पैसे आल्याच्या नोंदी जपून ठेवा; हजेरीपुस्तक नसलेल्या दुकानात पुरावा तोच.

जिल्ह्यात धंदा न करण्याची अट तर सज्ञान माणसाच्या करारातही टिकली नसती. करार कायद्याचं कलम 27 तिच्या आड येतं.

मार्कमेमो अडकवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. तरी दिला नाही, तर लातूर विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत काढता येते.

नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. पण निघताना दुकानाची कात्री, ट्रिमर, साधा कंगवासुद्धा पिशवीत येऊ देऊ नका. चोरीची तक्रार तिथूनच उभी राहते. चाव्या असतील तर कारागिरासमोर परत द्या.

राहिली उचल. ती बुडवायची पळवाट वकिलाला सापडेल, मलाही सापडते. तरी हिशेब करा आणि निघते ती रक्कम फोनवरून पाठवा, 'उचल परत' असं लिहून. रोख देऊ नका.