घरासमोर भाजी, पण दिसायला बाग

घरापुढच्या जागेत खाण्याची झाडं लावली आणि सोसायटीने हरकत घेतली, अशा अडचणीची पत्रं आली आहेत. त्यातले काही प्रश्न उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : पुण्यात आमचं पश्चिमेकडे तोंड असलेलं रो-हाऊस आहे. पुढे 12 बाय 8 फुटांची मोकळी जागा आहे. सोसायटीचा नियम असा, की दर्शनी भागात शोभेचीच झाडं लावावीत, भाजीपाला पिकवू नये आणि कुंपण 3 फुटांच्या वर जाऊ नये. मग खाण्याजोगं काहीच लावता येणार नाही का?

उत्तर : आधी तो नियम कुठे लिहिला आहे ते बघा. तो नोंदणीकृत उपविधींत आहे, सर्वसाधारण सभेचा ठराव आहे, की कमिटीने फलकावर लावलेली नुसती सूचना आहे, यावर पुढचं अवलंबून आहे. सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करून प्रत मागा. ठराव असेल तर तो बदलायला सभाच लागते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून विषयपत्रिकेत आपला विषय येण्यासाठी ऑगस्टच्या सुरुवातीलाच पत्र द्या. सोबत वाफ्याचा कागदावर काढलेला आराखडा जोडा आणि प्रत्येक झाडाच्या नावापुढे त्याची पूर्ण वाढीची उंची लिहा. हरकत घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाळलेल्या भेंडीचे खुंट, सुतळीने बांधलेल्या काठ्या आणि गंजलेले डबे असतात. ती धास्ती रास्त आहे. भाजी बहरात असताना कोणी तक्रार करत नाही; तक्रार येते ती काढणीनंतर ओसाड पडलेल्या वाफ्याची. म्हणून वाफा आखताना मोकळ्या पडणाऱ्या महिन्यांचा विचार आधी करा.

वाट सोडून साधारण 40 चौरस फुटांचा वाफा निघेल असं धरू. नव्या बांधकामात या पट्ट्यात हमखास राडारोडा पुरलेला असतो. दीड फूट खणून सिमेंटचे आणि चुन्याचे गोळे वेचून काढा. ते राहिले तर माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा वेळी लोक खत वाढवत जातात, त्याने काही होत नाही. माती साफ झाल्यावर 40 किलोच्या तीन गोण्या चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरा. साधारण दोन इंचांचा थर होतो. तो वरच्या सहा इंचांत मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यात हुमणी येते आणि मुळं कुरतडते.

रस्त्याच्या बाजूला करवंदाची पाच रोपं दोन-दोन फुटांवर लावा. कुंपण म्हणून करवंद देखणंच असतं: तकतकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं, मग गुलाबी होत काळी पडणारी फळं. छाटणीने अडीच फुटांवर सहज राहतं. मात्र छाटणी फळं संपल्यावर, जून-जुलैत, एकदाच नीट करा. फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात; माळी दर महिन्याला कात्री चालवत राहिला तर कुंपण राहील, करवंदं मिळणार नाहीत. काटे लांब आणि टणक असतात, म्हणून पायवाटेपासून दीड फूट आत लावा.

घराच्या भिंतीलगत उंच जाणारी झाडं. तिथे लाल अंबाडी उत्तम. लालबुंद देठ, फिकट पिवळी फुलं आणि नंतर माणकांसारखी बोंडं. शोभेचं नाही असं कोणी म्हणणार नाही. जूनच्या अखेरीस दोन फुटांवर बी टोका, रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर ते सरळ सहा फूट जातं आणि पावसात आडवं होतं. खुडलेले शेंडे भाजीला घ्या. दिवस लहान व्हायला लागले की ही फुलते, त्यामुळे फेब्रुवारीत बी पेरून लवकर बोंडं मिळतील ही आशा नको. फूल गळून बोंड फुगलं की ते कोवळं असतानाच काढा. सरबताला, चटणीला, जेलीला चालतं.

मधल्या पट्ट्यात हळद. मे-जूनमध्ये दोन डोळे असलेले कंद एक फूट अंतरावर, दोन-अडीच इंच खोल लावा. पावसाळाभर रुंद पानं वाफा झाकून टाकतात आणि श्रावणात पातोळ्यांना पानं घरचीच मिळतात. पण एका झाडाची दोनापेक्षा जास्त पानं एका वेळी काढू नका, कंद पोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून लोळतात. हाच तक्रारीचा महिना. पानं पूर्ण सुकण्याची वाट पाहताना कडेला नोव्हेंबरातच झेंडू आणि बुटकी मिरची लावून ठेवा, म्हणजे नजर तिकडे जाते. कंद काढले की त्याच जागी लाल माठ पेरा. बी बारीक असतं, चिमूटभर बियांत मूठभर वाळू मिसळून पेरा. 25 ते 30 दिवसांत भाजी होते. सगळा वाफा एकदम उपटू नका. एकाआड एक रोपं काढा आणि दर पंधरा दिवसांनी नवी ओळ पेरा. माठ तुऱ्यावर येऊ देऊ नका, तुरे आले की तो रानटी दिसू लागतो.

पश्चिमेच्या उन्हात एप्रिल-मेमध्ये पुदिना आणि कोथिंबीर टिकणार नाहीत, त्यांना पूर्वेची किंवा झाडाखालची जागा हवी. कडेला पानओवा लावा. त्याला ऊन सोसतं, पाणी कमी लागतं आणि भज्यांना पानं मिळतात.

गेटच्या कमानीवर वेल हवा असेल तर लाल देठाची मायाळू किंवा निळं गोकर्ण. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून लावा. फुलं चहाला आणि भाताला निळा रंग देतात. शेंगा आणि बिया मात्र खाऊ नयेत. दुधी, कारलं कमानीवर लावू नका. फळ सुंदर, पण नोव्हेंबरात पानांवर भुरी येते आणि सगळा वेल राखाडी होतो.

प्रश्न : गेटजवळचा शेवगा 20 फुटांवर गेला, पावसात फांदी मोडून पडली. कमिटी तोडायला सांगते. आपणच तोडला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : परस्पर तोडू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खासगी जागेतल्या झाडालाही लागू आहे. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे सोसायटीच्या पत्रासह अर्ज करा, मोडलेल्या फांदीचे आणि झाडाखालून जाणाऱ्या वाटेचे फोटो जोडा. छाटणीचीही परवानगी घ्या.

परवानगी मिळाली तर झाड न तोडता शेंगा संपल्यावर, पावसाळ्याआधी, साडेतीन-चार फुटांवर छाटा. नवा फुटवा जोमात येतो आणि शेंगा हाताला येतील अशा उंचीवर लागतात. हे दरवर्षी करायचं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, उंच वाढू दिलं की ते मोडणारच.

नवा लावणार असाल तर मात्र तो दर्शनी जागेत लावू नका, हे आमचं स्पष्ट मत. पावसाळ्यात त्याच्या बुंध्यावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात. अंगाला लागल्या की खाज सुटते आणि शेजारी तक्रार करतात, त्यांचं चुकत नाही. अळ्या सकाळी काठीला गुंडाळलेल्या फडक्याने निपटून साबणाच्या पाण्यात टाका. मागच्या बाजूला पीकेएम-1 ही शेवग्याची जात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा लावा; रोप दोन-अडीच फुटांचं झाल्यावर शेंडा खुडा.

प्रश्न : सोसायटीचा माळी सगळ्या कुंपणांवर औषध फवारतो. आमची तुळस, कढीपत्ता, मिरची त्यातच आहे.

उत्तर : कंत्राटदाराकडून औषधाचं नाव लेखी मागा आणि डब्याच्या लेबलवरचा, औषध किती विषारी ते दाखवणारा रंगीत त्रिकोण बघा. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचं औषध घराजवळच्या खाण्याच्या झाडांवर नकोच. लेबलवर फवारणी ते काढणी यांतलं अंतर दिलेलं असतं, तेवढे दिवस पानं खाऊ नका. धुऊन सगळं निघत नाही. कमिटीकडून फवारणीची तारीख दोन दिवस आधी कळवून घ्या, झाडांवर जुनी चादर टाका आणि वाफ्यात ‘खाण्याची झाडं, फवारणी करू नये’ अशी पाटी लावा. मावा आणि पिठ्या ढेकणासाठी एक लिटर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि 1-2 मिलि पातळ साबण पुरे. आधी थोड्या पाण्यात साबण आणि तेल घोटून घ्या, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळी करा.

याच पत्रात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या पाण्याबद्दल विचारलं आहे. ते करवंद, लिंबासारख्या झाडांच्या मुळाशी द्या. कच्च्या खायच्या पानांवर त्याचा थेंब नको.

प्रश्न : नर्सरीतून आणलेली रंगीत मिरची आणि रंगीत पानांचं अळू खाता येईल का?

उत्तर : मिरची खाता येते, पण रोपावर आधीच असलेल्या मिरच्या काढून टाका. शोभेची रोपं विकताना ती कोणी खाईल असं गृहीत धरून फवारलेली नसतात. दोन महिन्यांनंतरच्या नव्या मिरच्या घ्या. रंगीत पानांचं अळू म्हणजे कॅलेडियम, ते खाण्याचं नाही. भाजीचं अळू वेगळं. तेही चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवावंच लागतं, कारण त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे घसा खवखवतो. त्याच वाफ्यात कण्हेर, बिट्टी, अ‍ॅडेनियम ही विषारी झाडं लावू नका. एका ओळीतली पानं लहान मुलं तोडून खायला शिकली, की शेजारची ओळ वेगळी हे त्यांना समजत नाही.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. घरमालक संघटनेने पुढच्या लॉनमध्ये भाजी लावायला मनाई केली आहे. इथे कायदा आमच्या बाजूने आहे ना?

उत्तर : अर्धाच. कॅलिफोर्नियाच्या 2014 च्या कायद्याने संघटनेला घरच्या शेतीवर अवास्तव बंदी घालता येत नाही, पण हे संरक्षण मागच्या अंगणापुरतं आहे. फ्लोरिडात 2019 मध्ये पुढच्या अंगणातल्या भाजीलाही संरक्षण मिळालं. मायामी शोअर्स गावात एका जोडप्याला दर दिवशी 50 डॉलर दंडाची धमकी देऊन वाफे काढायला लावले होते, त्या प्रकरणानंतर. तोही कायदा नगरपालिकांना बांधतो, घरमालक संघटनांना नाही. म्हणून तुमच्या करारातलं झाडांविषयीचं कलम शब्दशः वाचा. ‘भाजीचा वाफा’ वर्ज्य असेल, पण फुलझाडांचा पट्टा मान्य असेल, तर त्यात रंगीत देठांचा चार्ड (पालकासारखी पालेभाजी), जांभळी तुळस, रोझमेरी आणि कडेला चाइव्ह (कांद्यासारखी बारीक पात) बसवून तो आराखडा आधी मंजुरीला पाठवा. उन्हाळ्यात आपला लाल माठ तिथे छान येतो.

कढीपत्ता कुंडीतच ठेवा, गारठ्यात आत घेता येतो. मित्राकडून दुसऱ्या गावातलं रोप आणण्याआधी तो भाग लिंबवर्गीय रोगाच्या क्वारंटाइनमध्ये आहे का, ते काउंटीच्या कृषी कार्यालयात विचारा. रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते, त्यामुळे अशा भागातून रोपं हलवायला बंदी असते. भारतातून येताना बॅगेत रोप किंवा फांदी आणू नका.