खलनायकात नायक आधीच आहे, मग तो झाला काय?

ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय: "दिवाळीनंतर गावात मंडई (आमच्याकडची जत्रा) भरली, रात्रभर नाटक झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं खलनायकाबद्दलच बोलत होती. म्हणून त्यांना लिहायला दिलं, की तुमच्या आवडत्या गोष्टीतला नायकच खलनायक झाला तर? पोरांनी मनापासून लिहिलं. फळ्यावर मी शीर्षक लिहिलं 'नायक खलनायक झाला', तर एक मुलगा म्हणतो, 'मॅडम, खलनायकात नायक तर आधीच आहे. मग तो झाला काय?' याला काय सांगू? आणि अशा बिघडलेल्या नायकासाठी मराठीत वेगळा शब्द आहे का?"

ताई, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. त्यानं बोट ठेवलंय ती जागा खरोखरच बघण्यासारखी आहे.

'खलनायक' हा समास दोन तऱ्हांनी सुटतो. 'खल असा नायक' म्हटलं तर कर्मधारय, 'खलांचा नायक' म्हटलं तर तत्पुरुष. यातला 'नायक' संस्कृत 'नी' धातूपासून आला, म्हणजे नेणारा, पुढे चालणारा. त्यात चांगलं-वाईट काही नाही. यवतमाळ-वाशीमकडे बंजारा तांड्याच्या प्रमुखाला आजही नायकच म्हणतात. गोष्टीतला 'हिरो' हा त्या शब्दाचा एक अर्थ झाला, एवढंच.

आता तत्पुरुष घेतला तर खलनायक म्हणजे दुष्टांचा म्होरक्या. मंडईच्या नाटकात मिशी पिळत येतो तो हाच. पण कर्मधारय घेतला तर अर्थ निघतो: नायकच, पण खल झालेला. म्हणजे तुमच्या वर्गानं जे लिहिलं, तंतोतंत तेच. शब्द घडला त्यात ही जागा होती. वापरात मात्र ती मागे पडली आणि 'नायकाच्या विरुद्ध उभा असलेला दुष्ट' एवढाच अर्थ उरला. तुमच्या विद्यार्थ्याला मागे पडलेला अर्थ ऐकू आला.

'खल' शब्दाकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तो आपल्या अंगणातला आहे. संस्कृतात खल म्हणजे मळणीची जागा. त्याचंच आपलं खळं, आमच्या वऱ्हाडी तोंडात खयं. खल म्हणजे दुष्ट माणूस, हे तर झालंच. मराठीत तो 'खळ' होऊन आला, पसायदानातल्या 'खळांची व्यंकटी सांडो'मधला. आणि खल म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा. पुण्याकडे त्याला पेंड म्हणतात, आपण ढेप म्हणतो. (तिकडचे लोक ढेप म्हटलं की गुळाची समजतात, म्हणून खुलासा केला.)

या शेवटच्या अर्थावर संस्कृत कवींनी फार सुंदर श्लेष केला आहे. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. स्नेह निघून गेला की मागे उरतो तो खल.

मी लहानपणी जवसाची घाणी पाहिली आहे. बैल फिरतोय, लाट करकरतेय, खालून तेलाची धार लागलीय. शेवटी घाणीतून जी ढेप निघायची ती हातात घेतली की गरम असायची. वास जवसाचा, रंग जवसाचा, वजनही चांगलं. दाण्याचं बाकी सगळं होतं, त्यातलं तेल तेवढं गेलेलं. तेव्हापासून 'खल' शब्द वाचला की मला ती गरम ढेप आठवते, आणि आवडता नायक खल कसा होतो हे मला त्यातूनच कळतं. त्याचं शौर्य, चलाखी, चाल, लकब सगळं शाबूत ठेवायचं आणि आतला स्नेह तेवढा पिळून काढायचा.

तुम्ही पाठवलेल्या वह्यांमधल्या दोन गोष्टी याच नजरेनं पाहिल्या. एकानं छोटा भीम घेतलाय. त्याचा भीम ढोलकपूरचे सगळे लाडू हिसकावतो, राजवाडा पाडतो, मित्रांना कोंडून ठेवतो. वाचायला धमाल आहे, पण यातला भीम ओळखू येत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी दांडगट ठेवला तरी गोष्ट तीच राहील. दुसरी गोष्ट एका मुलीची. तिनं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेतला. फुरसुंगीच्या बनेश फेणेची सायकल, चपळाई, जिथं-तिथं नाक खुपसायची सवय, सगळं तिनं तसंच ठेवलं. आणि मग हे वाक्य लिहिलं: "रात्री खळ्यावर 'ट्टॉक्' ऐकू आलं की समजायचं, आज धानाची पोती गेली." मी वही बाजूला ठेवली आणि थोडा वेळ बसून राहिलो. तोंडानं काढलेला तो आवाज आम्ही सगळ्यांनी शाळेत असताना काढून पाहिला आहे. तोच आवाज, फक्त आता तो ऐकून पोटात गोळा येतो. पोरीनं एक अक्षर न बदलता स्नेह काढून घेतला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वेगळ्या शब्दाचा.

एक शब्द आहे 'प्रतिनायक'. पुष्कळ जण तो खलनायकाचा जड प्रतिशब्द म्हणून वापरतात. मला ते पटत नाही. 'प्रति' म्हणजे समोरचा. नायकाच्या समोर उभा तो प्रतिनायक. मुळात हा शब्द जागा सांगतो. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायकाचं वर्णन आहे: लोभी, धीरोद्धत (धीर पण उद्धट), ताठर, पाप करणारा, व्यसनी. म्हणजे दुर्गुण सांगितलेत, हे खरं. पण त्यातला 'धीरोद्धत' शब्द बघा. त्याच ग्रंथात नायकाचे जे चार प्रकार दिलेत, धीरोदात्त, धीरललित, धीरशान्त आणि धीरोद्धत, त्यातही तो आहे. एकच स्वभाव नायकाच्या यादीतही बसतो आणि त्याच्या वैऱ्याच्या यादीतही. गोष्ट कुणाच्या बाजूनं सांगितली जातेय, यावर तो कोणत्या बाजूला उभा राहणार ते ठरतं.

हे मला पुस्तकाआधी गावात कळलं. मी तिवसा तालुक्यातला. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर आमच्या पंचक्रोशीतलं, रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. कृष्णानं तिला अंबिकेच्या देवळापासून रथात घालून नेलं, ही गोष्ट आम्ही माहेरच्या माणसांसारखी ऐकतो. तिचा भाऊ रुक्मी मागे धावला. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही, अशी त्यानं प्रतिज्ञा केली. तो हरला, कृष्णानं त्याचे केस-मिशा भादरून त्याला सोडून दिला, आणि मग तो खरोखरच परत आला नाही. भोजकट नावाचं दुसरं नगर वसवून तिथंच राहिला. पुराणात रुक्मी वाईटच आहे. पण शब्द पाळणारा भाऊ म्हणून त्याच्या बाजूनं गोष्ट सांगायला बसलं, तर समोर येतो तो रथातला कृष्ण. अशा गोष्टीत कृष्णाला खल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रतिनायक म्हणायला मात्र काहीच अडचण नाही. या दोन शब्दांतला फरक मला यापेक्षा सोप्या रीतीनं सांगता येणार नाही.

संस्कृत नाटककार भासानं 'ऊरुभंगा'त हेच केलं आहे. त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्रींनी 1912 मध्ये भासाची नाटकं छापायला सुरुवात केली, तेव्हा ती पुन्हा लोकांसमोर आली. 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून पडलेला दुर्योधन नाटकाच्या मधोमध आहे, आणि गदायुद्धाचा नियम मोडून कमरेखाली घाव घालणारा भीम समोरच्या बाजूला. भीमाचा स्वभाव तसूभर बदललेला नाही, तो फक्त प्रतिनायकाच्या जागी गेला. आणि अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला रावणाची दगडी मूर्ती आहे. दसऱ्याला बाकी ठिकाणी रावण जळतो, तिथं त्याची पूजा होते. हे उलट्या दिशेचं उदाहरण झालं.

तेव्हा कुणी विरुद्ध बाजूनं गोष्ट सांगत असेल तर 'प्रतिनायक'. पण तुमच्या पोरांनी बाजू बदललेली नाही. त्यांनी नायकच बिघडवलाय. त्यासाठी मराठीत एकच एक शब्द शोधण्यापेक्षा, जो वाक्प्रचार आपल्या घराघरात आहे तो घ्यावा असं मी म्हणेन: अंगात कली शिरणे.

माझी आजी हे रोज बोलायची. शहाणासुरता माणूस अचानक भावाच्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडायला उठला की, "त्याच्या आंगात कली शिरला." आजची पोरं "थो हिरोच व्हिलन निंगला" म्हणतात. पण 'निंगला'त असं आहे की तो आधीपासूनच तसा होता, आपल्याला उशिरा कळलं. 'कली शिरला'त माणूस चांगलाच आहे, आत दुसरं कुणीतरी आलंय. आवडत्या नायकाबद्दल बोलताना हा फरक मोठा आहे.

हा वाक्प्रचार ज्या गोष्टीतून आला ती आपल्या विदर्भाच्या लेकीची. महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान. दमयंतीनं स्वयंवरात देवांना सोडून नलाला माळ घातली म्हणून कली चिडला. त्याला नलाच्या अंगात शिरायचं होतं, पण वाट सापडेना. नल इतका नेटका, की कुठं फटच नाही. कली थांबला. बाराव्या वर्षी एका संध्याकाळी नल लघवीला जाऊन आला आणि पाय न धुताच संध्येला बसला. बस्स. तेवढ्या फटीतून कली आत गेला.

त्यानंतरचा नल वाचा. जुगारात भावाकडून राज्य हरतो. अंगावरचं वस्त्रही जातं आणि नवरा-बायको दोघं एकाच वस्त्रात रानात फिरतात. वाटेत तो दमयंतीला रस्ता दाखवतो: हा विदर्भाकडे जातो, हा कोसलाकडे. तिला कळतं, हा आपल्याला सोडायचा विचार करतोय. मग एका रात्री ती झोपलेली असताना तो तिचं वस्त्र तलवारीनं मधोमध कापतो, अर्धं स्वतः गुंडाळतो आणि निघतो. थोडं जातो, परत येतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा जातो. व्यासांनी त्याच्या मनाला झोक्याची उपमा दिली आहे. मला विचाराल तर नायकाचा खल कसा होतो हे याहून जवळून दाखवणारा प्रसंग मी वाचलेला नाही. तो माया विसरलेला नाही, झोका त्याचाच आहे. तरी तो जातो.

आणि कली बाहेरही येतो. पुढं तो नलाच्या अंगातून निघून बेहड्याच्या झाडात शिरतो. हिरडा-बेहडा-आवळ्यातला बेहडा, तुमच्या झाडीपट्टीच्या जंगलात पोरांच्या रोजच्या वाटेवर असेल. जुन्या काळी जुगाराचे फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, म्हणून कलीला ते झाड. पोरांना एकदा ते झाड दाखवून मग गोष्ट सांगा.

अलीकडे छापून येणारे 'खलनायकीकरण', 'खलीकरण' हे शब्द घेऊ नका. पहिला उच्चारताना दम लागतो. दुसऱ्याचा भाईबंद 'खलीकार' संस्कृतात आधीच आहे आणि त्याचा अर्थ छळ, अपमान असा आहे. शिवाय ते शब्द 'दुसऱ्यांनी मुद्दाम बदनाम केलं' अशा अर्थानं येतात, ते तुमच्या कामाचं नाही. आणि कुणी खलाशी, खलबत हे शब्द 'खल'शी जोडू लागलं तर थांबवा. ते अरबी-फारसीतून आलेत, त्यांचं घर वेगळं.

मग फळ्यावर काय लिहायचं? 'नायकाच्या अंगात कली' लिहा. त्या मुलाला सांगा की त्यानं शोधलेला अर्थ खरा आहे, त्याच्या वहीत त्यानं 'खलनायक' शब्द कर्मधारय म्हणून खुशाल वापरावा. नायिका असेल तर खलनायिका, त्यात घोटाळा नाही. छोट्या भीमवाल्याला त्याची गोष्ट पुन्हा लिहायला द्या, या वेळी भीमाची लाडवांची आवड आणि मित्रांसाठी धावणं तसंच ठेवून. आणि फेणेवाल्या मुलीला एवढंच विचारा, की बनेशनं पाय न धुता संध्येला बसावं तसं काय केलं होतं, कुठल्या संध्याकाळी? ते तिच्या गोष्टीत अजून आलेलं नाही. ती लिहील. लिहिलं की मला पाठवा.