अंतर्गत बाब कोणती, हे ठरवायचे कोणी?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात पुढच्या महिन्यात वादविवाद स्पर्धा आहे. ‘मानवी हक्कांच्या रक्षणासाठी राष्ट्राच्या सार्वभौमत्वावर मर्यादा घालणे समर्थनीय आहे’ हा विषय असून चिठ्ठ्या टाकल्यावर माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली आहे. मनातून मात्र मी प्रतिकूल बाजूची आहे, कारण बडी राष्ट्रे मानवी हक्कांचे नाव पुढे करून लहान राष्ट्रांत घुसतात असेच मला वाटत आले आहे. न पटणारी बाजू प्रामाणिकपणे कशी मांडावी? आणि भारताचा दाखला घ्यावा तर तो कोणत्या बाजूला जातो? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्याचे उत्तर त्यातच आहे. भारताचा दाखला दोन्ही बाजूंना जातो, आणि हे लपवण्याऐवजी तुम्ही स्वतःच आधी सांगून टाकलेत तर प्रतिपक्षाच्या हातातले निम्मे बळ जाईल.

संयुक्त राष्ट्रांची सनद 1945 मध्ये झाली. तिच्या दुसऱ्या कलमाचे सातवे उपकलम सांगते की, जी बाब मूलतः एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातली आहे तिच्यात या संघटनेने हस्तक्षेप करू नये. अपवाद फक्त शांतताभंगाच्या प्रसंगी सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणाखाली केलेल्या सक्तीच्या कारवाईचा. त्याच सनदेची 55 आणि 56 ही कलमे मानवी हक्कांचा आदर वाढावा म्हणून सर्व सदस्यांना बांधून घेतात. म्हणजे तुमच्या स्पर्धेचा विषय सनदेच्या मजकुरातच दडलेला आहे. या दोन तरतुदी पहिल्यांदा जोराने एकमेकींवर आदळल्या त्या 1946 मध्ये, आणि ते घडवून आणले भारताने, जो तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर बंधने घालणारा आणि प्रतिनिधित्वाच्या नावाखाली त्यांना वेगळे पाडणारा कायदा केला. भारत सरकारने आपला उच्चायुक्त परत बोलावला, व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेली. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश एम. सी. छागला होते. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने स्वतः पंतप्रधान जनरल स्मट्स उभे राहिले. ही आमची अंतर्गत बाब आहे, आमच्या नागरिकांशी आम्ही कसे वागायचे हे बाहेरच्यांनी सांगू नये, आणि शंका असेल तर आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. सनदेच्या ज्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार आहे, त्याच्या घडणीत याच स्मट्स यांचा मोठा हात होता, हा योगायोग कोणत्याही वक्त्याने हातचा सोडू नये असा आहे.

भारताचे उत्तर दोन पायांवर उभे होते. पहिले असे की, 1927 च्या केपटाऊन करारासारखे समझोते या विषयावर दोन सरकारांत झालेले आहेत, आणि ज्याविषयी तुम्ही दुसऱ्या देशाला शब्द दिला ती बाब निव्वळ तुमच्या घरातली राहत नाही. दुसरे असे की, सनदेवर सही करताना हक्कांविषयीचे बंधनही तुम्ही स्वीकारलेच आहे. 8 डिसेंबर 1946 रोजी ठराव 32 विरुद्ध 15 मतांनी संमत झाला. 7 देश तटस्थ राहिले. दोन तृतीयांश बहुमत लागत होते, म्हणजे बाजूने पडलेल्यांपैकी एक मत जरी उलट पडले असते तरी ठराव कोसळला असता. वर्णभेदाविरुद्ध पुढे अनेक दशके चाललेल्या आंतरराष्ट्रीय लढ्याची वाट या निसटत्या बहुमताने मोकळी करून दिली.

तुमच्या अनुकूल बाजूचा कणा म्हणून हे प्रकरण घ्या. त्यात लष्कर नाही, बॉम्बफेक नाही, बडे राष्ट्र लहान राष्ट्रावर चालून जात नाही. उलट पारतंत्र्यातला एक देश ब्रिटिश राष्ट्रकुलातल्या एका प्रतिष्ठित सरकारला जाब विचारतो आहे. तुमच्या मनातली शंका ज्या घुसखोरीविषयी आहे तिच्याशी याचा संबंध नाही, त्यामुळे मन न मारता तुम्ही ही बाजू मांडू शकाल.

येथे एक भेद मात्र पक्का करावा लागेल, आणि परीक्षक म्हणून ऐकलेल्या बहुतेक भाषणांत मला नेमका तोच सापडत नाही. सार्वभौमत्वावर मर्यादा म्हणजे नेमके काय? दुसऱ्या देशाच्या वागण्याची चर्चा करणे ही एक गोष्ट, त्याला न्यायालयात खेचणे ही दुसरी, त्याचा व्यापार तोडणे ही तिसरी, आणि त्याच्या हद्दीत फौजा घालणे ही अगदीच वेगळी. पहिल्या तीन गोष्टींविषयीचा वाद आता बराचसा मिटला आहे. खरा वाद चौथीविषयी आहे. तेथेही माझ्या मते फौजा घालाव्यात की नाही यापेक्षा तो निर्णय कोणी आणि कोणत्या पद्धतीने घ्यावा, हा प्रश्न आधी येतो.

प्रतिपक्ष लीबियाचे नाव काढणारच. मार्च 2011 मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा दिली, तेव्हा भारत परिषदेवर होता आणि रशिया, चीन, जर्मनी व ब्राझील यांच्यासह तटस्थ राहिला. संरक्षणासाठी दिलेली मुभा पुढे सत्तापालटापर्यंत ताणली गेली, ही टीका रास्त आहे असे मलाही वाटते. कोसोव्होत 1999 मध्ये तर परिषदेची परवानगीही नव्हती आणि नाटोचे हवाई हल्ले 78 दिवस चालले. यावर रवांडाचे उत्तर द्या, पण संयमाने द्या : 1994 मध्ये तेथे सुमारे 100 दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली जात असताना परिषदेने तेथील शांतिसेना वाढवण्याऐवजी 270 वर आणण्याचा निर्णय घेतला, आणि कत्तल घडवणाऱ्या राजवटीचा प्रतिनिधी त्या वर्षी परिषदेच्या सदस्याच्या खुर्चीत बसलेला होता.

राहिला 1971 चा दाखला. एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या हद्दीत आले असताना पूर्व बंगालातील अत्याचार ही पाकिस्तानची अंतर्गत बाब आहे हे मान्य करणे भारताला शक्य नव्हते. तरीही आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने 104 देश उभे राहिले आणि विरोधात 11. त्या 104 देशांना बंगाली माणसांची काहीच पर्वा नव्हती असे समजणे सोपे आहे, पण चूक आहे. नुकतेच स्वतंत्र झालेले अनेक देश त्यांत होते, आणि शेजारच्या बलाढ्य देशाने हद्द ओलांडणे हीच त्यांची भीती होती. तुमची भीतीही तीच आहे. ती भाषणात बोलून दाखवा आणि मग तिला उत्तर द्या.

प्रश्न : 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते, असे वडिलांकडून ऐकले आहे. त्या खटल्यात पेशव्यांची कागदपत्रे वाचली गेली हे खरे का? आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला? (एक निवृत्त शिक्षक, वापी)

उत्तर : खरे आहे, आणि वरच्या विषयाशी त्याचे जवळचे नाते आहे. जुलै 1954 च्या अखेरीस दादरा आणि ऑगस्टच्या आरंभी नगर हवेली मुक्त झाली. त्या मोहिमेत महाराष्ट्रातील तरुणांचा मोठा भाग होता, संगीतकार सुधीर फडके त्यांपैकीच. हे दोन्ही मुलूख चारी बाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. भारताने पोर्तुगीज फौजेला दमणहून वाट दिली नाही, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळताच आठवडाभरात, 22 डिसेंबर 1955 रोजी, पोर्तुगालने दावा दाखल केला. दावा प्रदेश परत मिळावा असा नव्हता; आपल्या सार्वभौम मुलखापर्यंत जाण्याचा वहिवाटीचा हक्क आपल्याला आहे, एवढाच होता.

सार्वभौमत्व कोठून आले, असे विचारल्यावर पोर्तुगालने 1779 चा पुण्याच्या दरबाराशी झालेला तह पुढे केला. त्यात पोर्तुगिजांना वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे द्यायचे ठरले होते, आणि पुढे सनदाही निघाल्या. ही देणगी राज्याची की नुसत्या वसुलाची? तहाच्या वेगवेगळ्या प्रती पाहून न्यायालयाने म्हटले की ही जहागीर किंवा सरंजाम होता. त्यात महसुलाचा हक्क दिला होता, राज्य दिले नव्हते. जमिनीचे उत्पन्न आणि जमिनीवरचे राज्य हा भेद आपल्याकडच्या वतनदारीच्या भाषेत रुळलेला होता. हेगच्या पंधरा न्यायाधीशांना तो समजावून घ्यावा लागला.

पण येथे गोष्ट संपली नाही. मराठ्यांनंतर इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज त्या गावांत एकट्याने अंमल चालवत होते. इंग्रजांनी त्याला हरकत घेतली नाही आणि स्वतंत्र भारतानेही ती स्थिती मूकपणे चालू ठेवली, म्हणून पोर्तुगालचे सार्वभौमत्व मानले गेल्याचे न्यायालयाने म्हटले. अशा रीतीने सरंजामाचे राज्य झाले ते कोणत्याही कागदाने नव्हे, शेजाऱ्याच्या गप्प बसण्याने.

12 एप्रिल 1960 चा निकाल दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीने वाचता येईल असा होता. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, असे 11 विरुद्ध 4 मतांनी ठरले; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, असे 8 विरुद्ध 7 मतांनी. आणि 1954 च्या तणावात भारताने वाट बंद केली यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही, असे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले. भारताने फक्त या खटल्यापुरते नेमलेले (तदर्थ) न्यायाधीश म्हणजे वर आलेले छागलाच.

निकालात एका गोष्टीचे उत्तर नाही : त्या गावांतल्या माणसांना काय हवे होते? खटला वाटेचा होता, माणसांचा नव्हता. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आमसभेने वसाहतींच्या मुक्ततेची घोषणा संमत केली, आणि गोवा, दमण, दीव हे पोर्तुगालचे ‘सागरापलीकडचे प्रांत’ आहेत हा त्याचा दावा नाकारून त्यांना स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले. पुढच्या डिसेंबरात भारतीय फौजा गोव्यात गेल्या तेव्हा भारताने माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा परिषदेत 7 मते मिळवून गेला होता. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. सातारच्या विद्यार्थिनीने हाही दाखला जवळ ठेवावा, प्रतिपक्ष हुशार असेल तर तो काढेलच.

प्रश्न : ज्या आंतरराष्ट्रीय कायद्यामागे पोलीस नाही त्याला कायदा का म्हणायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कुलभूषण जाधव प्रकरण पाहा. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला. मे महिन्यात भारत हेगला गेला आणि दहा दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मताने न्यायालयाने सांगितले की, भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेट नाकारून पाकिस्तानने वकिलाती संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराचे 36 वे कलम मोडले. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही; शिक्षेचे परिणामकारक पुनर्विलोकन करावे, आणि ते कसे करायचे याचा मार्ग पाकिस्ताननेच निवडावा, असे ठरले. 2021 मध्ये पाकिस्तानच्या संसदेने त्यासाठी कायदा केला. एकाही पोलिसाने हद्द ओलांडली नाही आणि स्थगितीनंतर फाशीही झाली नाही.

हे शक्य झाले ते दोन्ही देशांनी त्या कराराला जोडलेल्या ऐच्छिक पूरक करारावर (ऑप्शनल प्रोटोकॉल) पूर्वीच सही करून न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता म्हणून. पाकिस्तानने मार्च 2017 मध्ये न्यायालयाच्या सर्वसाधारण अधिकाराला राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद जोडला होता, पण हा पूरक करार तसाच राहिला होता. आपल्याविरुद्ध निकाल गेल्यावर अमेरिकेने 2005 मध्ये याच पूरक करारातून अंग काढून घेतले. तोही सार्वभौमत्वाचाच वापर होता. भारत आणि पाकिस्तान आजही त्यात आहेत.