गच्ची गळतेय: पत्रा मारू, कोबा करू की नुसतं कोटिंग?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापुरात स्वतःचं घर, 2004 चं बांधकाम, हजार स्क्वेअर फूट गच्ची, यंदा हॉलचा आणि मागच्या बेडरूमचा स्लॅब पाझरला. कोटेशन तीन आलीत, कोटिंग (वरून लावायचा वॉटरप्रूफ थर) 40 हजार, जुना कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उताराचा थर) फोडून नवीन करायला दीड लाख, आणि पत्र्याची शेड 2 लाख 30 हजार. मिस्टरांचं म्हणणं पत्राच मारू, दिवाळीच्या आत, पर्सनल लोन काढून, कारण 4 लाखांची एफडी जानेवारीत मॅच्युअर होतेय आणि ती आत्ता मोडायची नाहीये. पुढच्या वर्षी सोलरही डोक्यात आहे.

मला सगळ्यात आधी खटकली ती घाई. पाऊस संपत आलाय, ओल्या स्लॅबवर तसंही वॉटरप्रूफिंग नीट बसत नाही, तो सुकू द्यावाच लागतो, म्हणजे कामाचे खरे महिने जानेवारी ते मार्च, वळवाच्या आधी उरकलं की झालं. आणि पैसेही जानेवारीतच हातात येतायत. मग लोन कशाला? 2 लाख 30 हजार 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतले तर ईएमआय साधारण 7,860 आणि नुसतं व्याजच 53 हजारांच्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळी. तेवढ्यात अख्ख्या गच्चीचं कोटिंग होतं की हो.

आता काम कोणतं करायचं. एकूण आकडा बघू नका, वर्षाला किती पडतं ते बघा. कोटिंग उन्हात 3-4 वर्षं टिकेल असं धरतो (कॉन्ट्रॅक्टर 10 म्हणेल, वॉरंटीत नवीन भेगा धरल्यात का ते वाचा), म्हणजे वर्षाला 10 ते 13 हजार. कोबा मन लावून केला तर 12-15 वर्षं, वर्षाला 10 ते साडेबारा. शेड 20 वर्षं धरली तरी साडेअकरा, वर रंग आणि गंजलेले स्क्रू आहेतच. बघा, तिन्ही जवळपास एकाच भावात पडतात! म्हणून स्वस्त-महाग हा प्रश्नच बाजूला ठेवा, तुमचा कोबा आत्ता कसा आहे यावर सगळं आहे.

तो बघायला एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला बोलवा, जो स्वतः वॉटरप्रूफिंगची कामं घेत नाही असा, त्याची फी द्यायला कचरू नका. हातोडीने ठोकत गेलं की सुटलेला कोबा बद्द वाजतो. पाईपची तोंडं बंद करून 2-3 दिवस पाणी साठवलं की खाली कुठून उतरतं तेही दिसतं, आणि बऱ्याचदा ते निघतं पाईपच्या तोंडाशी नाहीतर पॅरापेटच्या वाट्यापाशी, म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळते त्या कोपऱ्याच्या गोलाईपाशी. चार-दोन ठिकाणीच खराब असेल तर तेवढं फोडून दुरुस्त करा, उतार पाईपकडे नीट आहे ना बघा (100 फुटाला 1 फूट तरी हवा), आणि वरून कोटिंग, 60-70 हजारात भागेल असा माझा अंदाज. सगळीकडे बद्द वाजत असेल तर मात्र कोटिंगचे 40 हजार पाण्यात, सरळ फोडून नवीन करा. आणि कुणी म्हणालं की जुना कशाला फोडताय, त्याच्यावरच दुसरा थर टाकू, स्वस्तात होईल, तर ऐकू नका. 4 इंच कोबा म्हणजे स्क्वेअर फुटाला 18-20 किलो, तुमच्या गच्चीवर 18-20 टन जादा वजन, तेही वीस वर्षांच्या स्लॅबवर.

शेडला माझा विरोध नाही, पण ती महानगरपालिकेला विचारूनच टाका आणि पत्र्याचं पाणी पन्हाळीतून कुठे सोडणार ते आधी ठरवा, नाहीतर शेजारच्यांशी कायमची भांडणं. शिवाय त्याच शेडवर पुढे पॅनल लावायचे तर अँगल त्या हिशोबाने घ्यावे लागतात, कोटेशनमध्ये ते धरलंय असं दिसत नाही.

सोलरचं म्हणाल तर आधी गच्ची, मगच पॅनल. 3 किलोवॅटला साधारण 300 स्क्वेअर फूट जागा जाते, पॅनल 25 वर्षांच्या हिशोबाने बसवतात, आणि खालून गळायला लागलं तर सगळं काढून परत बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात. पीएम सूर्यघरची 78 हजारांची सबसिडी मिळते खरी, पण बसवून झाल्यावर खात्यात येते, आधी पैसे तुम्हालाच उभे करायचे असतात. म्हणून एफडीतून दोन्ही एकदम नको. तुमचा महिन्याचा खर्च 40 हजार लिहिलाय, अडीच लाख म्हणजे सहा महिने, तेवढ्याला हात लावायचा नाही, दीड लाखापर्यंत गच्चीला वापरा. एसआयपी चालूच ठेवा. शिवाय महिन्याला 500 ची आरडी गच्चीच्या नावाने काढा, मे महिन्यात पाईपची तोंडं साफ करणं, भेगा भरणं त्यातून निघत जाईल, आणि पुढच्या कोटिंगलाही थोडा हातभार लागेल.

आणि हो, ती एफडी ऑटो रिन्यूवर आहे का ते याच आठवड्यात बँकेत जाऊन बघा, असेल तर काढून टाका, नाहीतर जानेवारीत ती परत लॉक होईल आणि मोडायची म्हटली की पेनल्टी लागेल.